लघुउद्योगातील सर्व्हरचे संचालन प्रणाली स्थलांतर

सर्व्हरचे संचालन प्रणाली स्थलांतर म्हणजे एखाद्या संस्थेच्या सामाईक संगणकावरील माहिती, आज्ञावल्या, वापरकर्त्यांची खाती आणि जोडलेली उपकरणे जुन्या संचालन प्रणालीवरून, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीमवरून, नव्या प्रणालीवर नेण्याची नियोजित प्रक्रिया होय. अशा सामाईक संगणकाला सर्व्हर म्हणतात. मोठ्या संस्थांमध्ये अनेक सर्व्हर आणि स्वतंत्र संगणक विभाग असल्याने हे काम टप्प्याटप्प्याने होते. लघुउद्योगात मात्र बहुधा एकच सर्व्हर असतो, त्याची देखभाल बाहेरचा तंत्रज्ञ करतो आणि रोजचा व्यवहार त्याच एका यंत्रावर अवलंबून असतो. त्यामुळे जुन्या नोंदी नव्या प्रणालीत जशाच्या तशा उघडणे, छापल्या जाणे आणि त्यांच्या बेरजा जुळणे ही लघुउद्योगातील स्थलांतराची खरी कसोटी मानली जाते.

या लेखात प्रक्रियेचे स्पष्टीकरण विदर्भातील कापूस प्रक्रिया उद्योगाच्या, विशेषतः हिंगणघाट परिसरातील जिनिंग-प्रेसिंग व्यवसायाच्या, उदाहरणाने केले आहे.

लघुउद्योगातील सर्व्हरचे स्वरूप

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट हे वणा नदीकाठचे शहर एकोणिसाव्या शतकापासून कापसाच्या व्यापाराचे केंद्र आहे. त्या काळी येथील कापसाची प्रत शहराच्याच नावाने परदेशी बाजारात ओळखली जात असे. नागपूर-हैदराबाद महामार्गावर आणि दिल्ली-चेन्नई लोहमार्गावर वसलेल्या या शहरात कृषी उत्पन्न बाजार समिती, अडत दुकाने, जिनिंग-प्रेसिंग कारखाने आणि वस्त्रोद्योग आहेत.

जिनिंगमध्ये कापसातून रुई आणि सरकी वेगळी केली जाते आणि प्रेसिंगमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जातात. भारतात प्रमाण गाठ १७० किलोग्रॅमची धरली जाते. कापसाची गाडी कारखान्यात आल्यापासून प्रत्येक पायरीवर नोंद तयार होते. वजनकाट्यावर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन, कापसाचा ओलावा आणि प्रत, ठरलेला भाव, शेतकऱ्याचा चुकारा, गाठींचे क्रमांक, सरकीची विक्री आणि वाहतुकीची कागदपत्रे या सगळ्यांची माहिती शेवटी एका ठिकाणी जमा होते. १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत खरेदीदारावर वस्तू व सेवा कर उलट आकारणीने भरण्याची जबाबदारी आहे. त्यामुळे प्रत्येक खरेदीची नोंद कराच्या हिशोबातही येते.

अशा उद्योगातील सर्व्हर साधारणतः चार कामे करतो: हिशोबाच्या आज्ञावलीची माहिती साठवणे, फाइली सामाईक ठेवणे, छपाईयंत्रे सर्वांना उपलब्ध करून देणे आणि कोणाला काय पाहता येईल याचे अधिकार सांभाळणे. स्थलांतरात ही चारही कामे नव्या प्रणालीवर न्यावी लागतात.

स्थलांतराची कारणे

संचालन प्रणालीच्या प्रत्येक आवृत्तीला ठरावीक मुदतीपर्यंत सुरक्षा सुधारणा मिळतात. मुदत संपल्यावर प्रणाली चालू राहते, पण तिच्यात नव्याने सापडलेले दोष दुरुस्त होत नाहीत. लघुउद्योगांत प्रचलित असलेल्या काही प्रणालींच्या सर्वसाधारण समर्थनाच्या शेवटच्या तारखा पुढीलप्रमाणे आहेत:

- विंडोज सर्व्हर २००३: १४ जुलै २०१५
- विंडोज सर्व्हर २००८ आणि २००८ आर२: १४ जानेवारी २०२०
- विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर२: १० ऑक्टोबर २०२३
- विंडोज सर्व्हर २०१६: १२ जानेवारी २०२७
- विंडोज सर्व्हर २०१९: ९ जानेवारी २०२९
- सेंटओएस ८: ३१ डिसेंबर २०२१
- सेंटओएस ७: ३० जून २०२४

मुदत संपलेल्या किंवा सुधारणा न बसवलेल्या प्रणालीचा धोका मे २०१७ मधील वॉनाक्राय हल्ल्यात जगभर दिसून आला. १२ मे २०१७ रोजी पसरू लागलेल्या या खंडणी-विषाणूने विंडोजच्या फाइल-सामाईकीकरणाच्या जुन्या पद्धतीतील दोषाचा वापर केला. त्या दोषावरील सुधारणा मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. ज्या संगणकांवर ती बसवलेली नव्हती, त्यांच्यावरील फाइली कुलूपबंद झाल्या आणि त्या सोडवण्यासाठी खंडणी मागण्यात आली.

दुसरे कारण भोवतालच्या आज्ञावल्यांचे असते. हिशोबाच्या आज्ञावल्या, ब्राउझर आणि विषाणूरोधक आज्ञावल्या कालांतराने जुन्या संचालन प्रणालींना आधार देणे थांबवतात. करविवरणे, ई-बीजक आणि बँक व्यवहार ऑनलाइन झाल्यामुळे जुना संगणक केवळ कार्यालयापुरता वापरू, ही भूमिका टिकवणे अवघड होते.

तिसरे कारण कायद्याचे आहे. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशोबाची पुस्तके संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जतन करावी लागतात. कंपनी म्हणून नोंदणी असलेल्या उद्योगांना १ एप्रिल २०२३ पासून, प्रत्येक बदलाचा माग ठेवणारी हिशोब आज्ञावली वापरणे बंधनकारक आहे. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद दलाच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवावी लागते आणि प्रणालीतील घडामोडींच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात.

स्थलांतराच्या पद्धती

जागेवरच उन्नती. त्याच यंत्रावर जुन्या प्रणालीवर नवी आवृत्ती चढवली जाते. वेळ आणि खर्च कमी लागतो, पण जुन्या प्रणालीतील बिघाडही नव्या प्रणालीत येऊ शकतात आणि मध्येच अडचण आल्यास परत फिरणे कठीण होते. विंडोज सर्व्हर २०२२ पर्यंत एका वेळी जास्तीत जास्त दोन आवृत्त्यांची उडी घेता येते. २०२५ च्या आवृत्तीत ही मर्यादा चार आवृत्त्यांपर्यंत वाढवण्यात आली. ३२-बिट प्रणालीवरून ६४-बिट प्रणालीवर या पद्धतीने जाता येत नाही, आणि २००८ आर२ पासूनच्या सर्व विंडोज सर्व्हर आवृत्त्या केवळ ६४-बिट आहेत.

शेजारी उभारणी. नव्या यंत्रावर नवी प्रणाली स्वतंत्रपणे बसवून माहिती तिकडे नेली जाते. जुना सर्व्हर हात न लावलेल्या स्थितीत राहत असल्याने लघुउद्योगासाठी ही पद्धत अधिक सुरक्षित समजली जाते.

आभासी यंत्र. जुना सर्व्हर जसाच्या तसा एका फाइलच्या रूपात नव्या यंत्रात चालवला जातो. नव्या प्रणालीवर न चालणारी एखादी जुनी आज्ञावली टिकवण्यासाठी हा उपाय उपयोगी पडतो. तथापि आतली प्रणाली जुनीच राहत असल्याने तिला इंटरनेटपासून वेगळे ठेवावे लागते.

लिनक्स किंवा क्लाउडकडे वळणे. फाइली आणि छपाईयंत्रे सामाईक करण्याचे काम लिनक्सवरील सांबा ही आज्ञावली करू शकते. विंडोज सर्व्हरला जोडणाऱ्या प्रत्येक वापरकर्त्यासाठी किंवा उपकरणासाठी वेगळा परवाना लागतो. लिनक्समध्ये तो खर्च नसतो. हिशोबाची आज्ञावली केवळ विंडोजवर चालणारी असेल, तर हा पर्याय मर्यादित ठरतो. क्लाउडमध्ये यंत्राची देखभाल सेवादात्याकडे जाते, पण इंटरनेट खंडित झाल्यास वजनकाट्यावरील काम अडू नये यासाठी स्थानिक व्यवस्था ठेवावीच लागते.

वेळेची निवड

समर्थन संपण्याच्या तारखा निर्माती कंपनी ठरवते. त्यांचा स्थानिक हंगामाशी संबंध नसतो. विदर्भात कापसाची वेचणी साधारणतः ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि आवक मार्चपर्यंत चालते. विंडोज सर्व्हर २०१२ ची मुदत हंगामाच्या तोंडावर संपली, २००८ ची ऐन हंगामात संपली आणि २०१६ ची मुदतही जानेवारीतच येते. मुदतीची तारीख जवळ आल्यावर काम हाती घेणाऱ्या जिनिंग कारखान्याला ते गाड्यांच्या रांगा लागलेल्या काळात करावे लागते. म्हणून अशा उद्योगात मुदत संपण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात स्थलांतर करणे सोयीचे असते.

उन्हाळ्यालाही मर्यादा आहेत. एप्रिलमध्ये आर्थिक वर्षाचा हिशोब बंद करण्याचे काम असते. मे महिन्यात विदर्भातील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते आणि वीजपुरवठ्यावर ताण येतो. माहितीची मोठी नक्कल करताना हार्ड डिस्क तासन्‌तास सतत चालत असल्याने खोलीचे तापमान आणि यूपीएसची क्षमता आधी तपासावी लागते. जूनपासून विजांचा आणि खंडित वीजपुरवठ्याचा धोका वाढतो. मासिक करविवरणांच्या तारखाही टाळाव्या लागतात: दर महिन्याला विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची देय तारीख ११ आणि जीएसटीआर-३बी ची २० असते. या सर्व बाबी लक्षात घेता मेच्या अखेरीचा आठवडा, रात्रीचे काम आणि विवरण भरून झाल्यानंतरचे दिवस असा मेळ अनेकदा योग्य ठरतो.

प्रक्रियेचे टप्पे

१. नोंदसूची. सर्व्हरवरील आज्ञावल्या, त्यांचे परवाने, सामाईक फोल्डर, वापरकर्ते, छपाईयंत्रे आणि आपोआप चालणारी कामे यांची यादी केली जाते. यादी केवळ संगणक पाहून पूर्ण होत नाही. काट्यावरचा कर्मचारी, मुनीम आणि गोदामपाल रोज नेमके काय उघडतात हे विचारल्यावरच विसरलेल्या गोष्टी समोर येतात. वर्षातून एकदाच वापरली जाणारी आज्ञावली यात हमखास सुटते.

२. बॅकअप आणि पुनर्स्थापनेची चाचणी. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांतील एक अन्य ठिकाणी, हा सर्वमान्य संकेत आहे. बॅकअप घेतला गेला म्हणजे तो वापरता येईल असे नसते. तो दुसऱ्या संगणकावर उतरवून हिशोब प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

३. तालीम. नव्या सर्व्हरवर माहितीची प्रत टाकून एक-दोन कर्मचाऱ्यांकडून खोट्या नोंदी करून घेतल्या जातात: एक वजनपावती, एक चुकारा, एक विक्री बीजक, एक अहवाल. या वेळी प्रत्येक टप्प्याला किती तास लागतात हेही मोजले जाते. तालमीतील नोंदी नंतर पुसून टाकल्या जातात.

४. प्रत्यक्ष बदल. ठरलेल्या दिवशी व्यवहार बंद झाल्यावर जुन्या सर्व्हरवर नव्या नोंदी करणे थांबवले जाते आणि अंतिम नक्कल घेतली जाते. विंडोजमध्ये रोबोकॉपी आणि लिनक्समध्ये आरसिंक ही साधने फक्त बदललेल्या फाइली नेऊ शकत असल्याने तालमीत आधी नेलेली माहिती पुन्हा न्यावी लागत नाही. जुना सर्व्हर जाळ्यातून काढल्यावर नव्याला तेच नाव आणि तोच पत्ता दिल्यास इतर संगणकांवरील मांडणी फारशी बदलावी लागत नाही. दोन्ही सर्व्हर एकाच वेळी सुरू राहून दोन्हीकडे नोंदी होऊ लागल्यास मात्र हिशोबाच्या दोन वेगळ्या प्रती तयार होतात आणि त्या एकत्र करणे अत्यंत कष्टाचे असते.

५. परतीची वेळ. अमुक वाजेपर्यंत काम पूर्ण न झाल्यास जुना सर्व्हर पुन्हा सुरू करायचा, अशी वेळ आधीच लिहून ठेवली जाते. थकलेल्या अवस्थेत रात्री उशिरा घेतलेले निर्णय टाळणे हा तिचा हेतू असतो. हिशोबाच्या अनेक आज्ञावल्यांत नव्या आवृत्तीने एकदा रूपांतरित केलेली माहिती जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून रूपांतर नेहमी प्रतीवरच केले जाते.

६. पडताळणी. जुन्या सर्व्हरवरून बदलापूर्वी छापलेली तेरीज, गाठींचा शिल्लक साठा, शेवटचा बीजक क्रमांक आणि शेतकऱ्यांना देय असलेली एकूण रक्कम नव्या सर्व्हरवरील आकड्यांशी ताडून पाहिली जाते. फाइलींची संख्या आणि त्यांचे पडताळणी-अंक जुळवणे हे तंत्रज्ञाचे काम असते. तेरीज जुळवणे हे मुनिमाचे काम असून त्याच्या स्वाक्षरीनंतरच स्थलांतर पूर्ण झाले असे धरले जाते.

७. जुन्या सर्व्हरची निवृत्ती. किमान एका करविवरणाचे चक्र पूर्ण होईपर्यंत जुना सर्व्हर बंद अवस्थेत जपून ठेवला जातो. त्यानंतर त्याची डिस्क मोहोरबंद करून ठेवली जाते किंवा माहिती परत मिळवता येणार नाही अशा रीतीने पुसली जाते.

वापरकर्त्यांचे अधिकार

लघुउद्योगात प्रत्येक संगणकावर स्वतंत्र खाती असतात किंवा एका डोमेनखाली सर्व खाती एकत्र असतात. स्वतंत्र खात्यांच्या व्यवस्थेत नव्या सर्व्हरवर त्याच नावाचे खाते तयार केले, तरी प्रणालीच्या दृष्टीने ते वेगळे खाते असते, कारण प्रत्येक खात्याला प्रणालीने दिलेला ओळखक्रमांक निराळा असतो. परिणामी फोल्डरांवरील जुने अधिकार लागू होत नाहीत. ही अडचण सोडवण्यासाठी सर्वांना सर्व फोल्डर खुले करणे ही वारंवार होणारी चूक आहे. खंडणी-विषाणू एका संगणकात शिरला, की त्या संगणकावरील वापरकर्त्याला उघडता येणारे सर्व काही त्यालाही उघडता येते.

देवनागरी मजकुराचा प्रश्न

महाराष्ट्रातील जुन्या सर्व्हरवरील मराठी मजकूर स्थलांतरात स्वतंत्र लक्ष मागतो. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणात मोठे काम केले आणि भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की हे संकेतन प्रमाणित केले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीचा समावेश होता. प्रत्यक्ष वापरात मात्र अनेक वर्षे सी-डॅकचे आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आणि अशाच इतर आज्ञावल्यांचे फॉन्ट चालत राहिले. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांची चित्रे बसवलेली असतात. नव्या सर्व्हरवर तो फॉन्ट नसेल, तर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची निरर्थक माळ दिसते. माहिती नष्ट झालेली नसते, पण ती वाचण्याची किल्ली हरवलेली असते. काही आज्ञावल्या संगणकाला जोडायच्या कुलूपयंत्राशिवाय चालत नाहीत. ते जुन्या समांतर जोडणीचे असेल, तर नव्या यंत्रात त्यासाठी जागाच नसते.

असा मजकूर युनिकोडमध्ये बदलण्यासाठी त्या विशिष्ट फॉन्टासाठीचे परिवर्तक वापरावे लागते. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकला जात असल्याने परिवर्तनात हीच चिन्हे चुकण्याची शक्यता अधिक असते. ज्ञानेश्वर, दत्तात्रय, कृष्णराव, धर्मेंद्र अशी जोडाक्षरे आणि रफार असलेली नावे नमुन्यादाखल निवडून तपासली जातात.

युनिकोडमध्ये असलेल्या मजकुरातही दोन अडचणी आढळतात. पहिली ‘ॲ’ या अक्षराची. त्याला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाला. त्यापूर्वी ‘अ’ला चंद्र जोडून ते लिहिले जाई. संगणकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे मजकूर आहेत. दुसरी अडचण ‘शेतकऱ्यांना’ यासारख्या शब्दांतील अर्ध्या र-काराची. तो ‘ऱ’ हे अक्षर वापरून लिहिता येतो, तसाच ‘र’, हलंत आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरूनही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेतल्यावर एक प्रकार सापडतो आणि दुसरा सापडत नाही. नव्या प्रणालीसोबत कळफलकाची मांडणी बदलली, की ‘शेतकऱ्यांना देणे’ या नावाची दोन खाती नकळत तयार होऊ शकतात आणि रक्कम दोहोंत विभागली जाते. सर्व नोंदी एकाच पद्धतीत आणून मगच नवे काम सुरू करणे हा यावरचा उपाय आहे.

वर्णक्रमही तपासावा लागतो. निव्वळ युनिकोड क्रमाने लावलेल्या यादीत ‘ळ’ हा ‘ल’नंतर येतो. मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ त्याच्याही नंतर येतात. प्रणालीत मराठी भाषेची मांडणी निवडल्यास हा क्रम योग्य लागतो.

जोडलेली यंत्रे आणि जुन्या आज्ञावल्या

वजनकाट्याचा दर्शक बहुधा सिरियल जोडणीने संगणकाला वजन पाठवतो. नव्या संगणकात ही जोडणी नसल्यास यूएसबी परिवर्तक वापरला जातो. तेव्हा जोडणीचा क्रमांक आणि वेग जुन्याप्रमाणेच ठेवावा लागतो, अन्यथा वजन येतच नाही किंवा अर्थहीन चिन्हे येतात. त्यामुळे ज्ञात वजनाची गाडी काट्यावर घेऊन दर्शकावरील आकडा, पडद्यावरील आकडा आणि छापील पावती या तिन्हींचा मेळ घातला जातो. कार्बन प्रतीसाठी वापरल्या जाणाऱ्या डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्रांनाही नव्या प्रणालीवर योग्य चालक-आज्ञावली लागते.

स्थानिक तंत्रज्ञांनी फॉक्सप्रोमध्ये तयार केलेल्या हिशोब आज्ञावल्या अनेक व्यवसायांत दीर्घकाळ वापरात होत्या. डॉसवर चालणाऱ्या आज्ञावल्या ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत. व्हिज्युअल फॉक्सप्रोचे समर्थनही जानेवारी २०१५ मध्ये संपले. अशा वेळी माहितीची तक्ते नव्या आज्ञावलीत आयात केली जातात आणि जुनी आज्ञावली केवळ पाहण्यापुरती आभासी यंत्रात ठेवली जाते.

विंडोज एक्सपीवर चालणारा एखादा संगणक काट्याच्या खोलीत शिल्लक असेल, तर तो नव्या सर्व्हरशी बोलू शकत नाही, कारण त्याला येणारी फाइल-सामाईकीकरणाची जुनी पद्धत विंडोज सर्व्हर २०१९ पासून मुळातच बसवलेली नसते. ती पुन्हा सुरू करणे शक्य असले, तरी वॉनाक्रायने याच पद्धतीचा वापर केला होता. म्हणून सर्व्हरसोबत असा संगणकही बदलणे इष्ट मानले जाते.

स्थलांतर लांबवण्याचे पर्याय

तातडीने स्थलांतर शक्य नसल्यास विंडोज सर्व्हर २०१२ साठी शुल्क भरून ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा सुधारणा घेण्याची सोय देण्यात आली आहे. जुना सर्व्हर इंटरनेटपासून तोडून केवळ कार्यालयीन जाळ्यात ठेवणे हाही तात्पुरता उपाय असतो. मात्र जाळ्यातील इतर संगणक इंटरनेटला जोडलेले असतील, तर त्यांच्यामार्फत धोका सर्व्हरपर्यंत पोहोचू शकतो. यंत्राचे वय हाही स्वतंत्र प्रश्न राहतो, कारण जुन्या डिस्कचा बिघाड कोणत्याही मुदतीची वाट पाहत नाही.

बॅकअपची चाचणी न घेतलेल्या सर्व्हरवर असा बिघाड हंगामात झाल्यास काट्यावरील काम एका दिवसात हातपावतीवर येऊ शकते, पण कोणत्या शेतकऱ्याचा किती चुकारा बाकी आहे हे आठवणीवरून ठरवता येत नाही. या कारणाने लघुउद्योगातील स्थलांतराच्या खर्चात नव्या यंत्राच्या आणि परवान्याच्या किमतीबरोबरच तालमीचा, पडताळणीचा आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा वेळही धरला जातो.